छडी गेली, ‘दाखला घेऊन जा’ राहिले

मुंबई–अहमदाबाद लोहमार्गावर सुरत सोडून गाडी तापी ओलांडते, आधी उत्राण लागते आणि मग कोसाड. एकेकाळचे हे वेगळे गाव २००६ च्या हद्दवाढीत सुरत महापालिकेत आले. पुढे शहरातल्या झोपडपट्ट्यांतून उठवलेल्या हजारो कुटुंबांसाठी तिथे इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. कागदावर त्यांची नावे एच-१, एच-२ अशी. बोलण्यात सगळे मिळून ‘कोसाड आवास’. एकाच जिन्यात खानदेशी मराठी, हिंदी, ओडिया, उर्दू आणि गुजराती कानावर पडते. बाया दारात बसून साड्यांवर खडे चिकटवतात, पुरुष लूमच्या खात्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात.

अशा वस्तीत मुलाला शाळेबाहेर काढायला छडी लागत नाही. ‘उद्या पप्पांना घेऊन ये, मगच वर्गात बस,’ एवढे एक वाक्य पुरते. पप्पांची पाळी सकाळी सातला सुरू होते आणि एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. आई गेली तर घरचे जॉबवर्क अंगावर पडते, शिवाय शाळेत आपल्याला चार शब्द ऐकून घ्यावे लागणार हेही तिला ठाऊक असते. मग मूल एक दिवस घरी राहते, दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन निघते आणि कोपऱ्यावरच थांबते. आठवडा गेला की परत जायची लाज वाटते. पंधरवडा गेला की शेजारचा कोणीतरी त्याला एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर धागे कापायला घेऊन जातो. हजेरीपटावर त्याचे नाव काही काळ तसेच राहते. कधी त्यापुढे गैरहजेरीच्या फुल्या पडतात, कधी त्याही पडत नाहीत.

शाळेतल्या शिक्षेवर बोलताना आपल्याकडे चर्चा मारापाशी सुरू होते आणि मारापाशीच संपते. मार वाईटच. पण मारणे, अपमान करणे, वर्गाबाहेर उभे करणे आणि ‘दाखला घेऊन जा’ म्हणणे या एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत, आणि गरिबाचे मूल त्यांवरून घसरते ते थेट तळाशी. मध्यमवर्गीय पालक दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन आवाज चढवू शकतो. लूमवरचा कामगार चढवू शकत नाही. म्हणून शिक्षा सारखी दिसली तरी तिची किंमत सारखी नसते.

सुरतेला याची उदाहरणे बाहेरून आणावी लागत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये शहरातल्या एका खासगी शाळेत ज्युनिअर केजीतली मुलगी घरी आली, तेव्हा आईला तिच्या पाठीवर वळ दिसले. सीसीटीव्ही पाहिला तर शिक्षिकेने तिला एकामागून एक मारलेल्या चापट्या मोजता आल्या: ३५. पाठीवर वळ उठले आणि वर्गात कॅमेरा होता, म्हणून हे प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. यातले एक जरी नसते तर ‘बेननी (बाईंनी) मारलं’ हे चार वर्षांच्या मुलीचे वाक्य कोणी मनावर घेतले असते का, हा प्रश्नच आहे.

जानेवारी २०२५ मध्ये गोडादरा भागातल्या आठवीतल्या मुलीने आत्महत्या केली. फी थकली म्हणून तिला परीक्षेला बसू दिले नाही आणि वर्गाबाहेर उभे केले, असा घरच्यांचा आरोप होता. शाळेने तो नाकारला, शिक्षण खात्याने चौकशी लावली. त्या चौकशीपलीकडचा एक मुद्दा मात्र कोणालाही नाकारता येणार नाही. फी हा शाळा आणि पालक यांच्यातला व्यवहार आहे. त्या व्यवहाराची थकबाकी मुलाच्या चेहऱ्यावर वसूल करण्याची रीत कित्येक खासगी शाळांत सर्रास चालते: प्रार्थनेच्या वेळी नावे वाचणे, हॉल तिकीट अडवणे, ‘ज्यांची फी बाकी आहे त्यांनी उभे राहा’ म्हणणे. याला कोणी शिक्षा म्हणत नाही. ऑफिसचे काम म्हणतात.

महाराष्ट्राने नाक वर करावे असेही काही नाही. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून मासिक पाळीची तपासणी केल्याचा प्रकार उघडकीस आला आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात वसईत सहावीतली एक मुलगी दगावली. शाळेत उशिरा आली म्हणून दप्तर पाठीवर ठेवून तिला १०० उठाबशा काढायला लावल्या, असा आरोप झाला आणि शिक्षिकेला अटक झाली. उठाबशा! ज्या शिक्षेवर आपण सगळे हसत आलो, गॅदरिंगच्या नाटुकल्यांतून टाळ्या घेत आलो, ती ही शिक्षा.

कायदा काय म्हणतो? बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घालते. कलम १६ सांगते की प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवीत आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्याची मुभा तेव्हाही मिळाली नाही. मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त असावे, हे तर अभ्यासक्रमाविषयीच्या कलम २९ मध्येच लिहून ठेवले आहे.

इतके असूनही कायदा बोथट का, याचे एक कारण त्याच्याच पोटात आहे. प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाचणी घेतली तर कलम १३ नुसार पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढे दर वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड होतो. मुलाला मारले तर? संबंधितावर त्याच्या सेवाशर्तींनुसार शिस्तभंगाची कारवाई. दंडाचा आकडा नाही, मुदत नाही. महापालिकेच्या शिक्षकाला निदान सेवाशर्ती असतात. गल्लीतल्या खासगी शाळेत महिन्याच्या बोलीवर नेमलेल्या बाईंच्या सेवाशर्ती म्हणजे संचालकाचा शब्द. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्ये मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, मुलांची जबाबदारी सोपवलेल्या संस्थेतल्या माणसाला पाच वर्षांपर्यंत. पण ते कलम लागते ते प्रकरण पोलिसांत गेल्यावर, म्हणजे वळ उठल्यावर. वर्षभर ‘ढ’ म्हणून शेवटच्या बाकावर बसवलेल्या मुलाच्या अंगावर वळ दिसत नाहीत.

किती मुलांना हे सोसावे लागते? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या अभ्यासाचा अहवाल काढला. शाळेत जाणाऱ्या तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले. त्यानंतर २००९-१० मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने सात राज्यांतल्या ६,६३२ मुलांना विचारले. ‘आम्हाला कसलीच शिक्षा झाली नाही,’ असे म्हणणारी मुले निघाली ९. शेकडा नव्हे, एकूण नऊ. जुन्या आंध्र प्रदेशात वर्षानुवर्षे त्याच मुलांच्या मागे राहिलेल्या ‘यंग लाइव्ह्ज’ या अभ्यासात आठ वर्षांच्या दहापैकी नऊहून अधिक मुलांनी गेल्या आठवड्यात शिक्षकाने कोणाला तरी मारलेले पाहिले होते. शाळा का आवडत नाही याचे त्यांनी दिलेले पहिले कारणही शाळेतली मारहाण आणि शिवीगाळ हेच होते. हे आकडे जुने आहेत, त्यानंतर छडी बरीच कमी झाली, हे मान्य करायला हरकत नाही. छडीच्या जागी काय आले, ते मात्र कोणी मोजत नाही.

आता पालकांकडे वळू. ‘सर, मारा, पण शिकवा’ हे वाक्य खानदेशातून सुरतेला आलेल्या कुटुंबांत अजून मनापासून म्हटले जाते. त्यामागे क्रौर्य नाही, धास्ती आहे. आपण शिकलो नाही म्हणून मशीनवर उभे आहोत, पोराचे तसे व्हायला नको. आणि मारणारा शिक्षक निदान लक्ष तरी देतो, न मारणारा बघतही नाही, असा त्यांचा अनुभवातून आलेला हिशेब असतो. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ चित्रपटातले छडीचे गाणे १९५३ पासून मराठी घरांत लाडाने गायले जाते आणि आजोबा नातवाला आपण खाल्लेल्या माराच्या गोष्टी पदकासारख्या मिरवून सांगतात. मार खाऊन मोठे झालेले आजोबा आपल्याला भेटतात. मार खाऊन चौथीतच शाळा सोडलेले आजोबा व्यासपीठावर येत नाहीत, म्हणून त्यांची गोष्ट कोणी ऐकत नाही.

शिक्षकांचीही बाजू आहे आणि ती ऐकली नाही तर हा विषय नुसता उपदेशाचा होतो. कायद्यातले प्रमाण पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक आणि वरच्या वर्गांना ३५ मागे एक असे आहे. ज्यांनी सुरतेच्या, मालेगावच्या किंवा भिवंडीच्या गजबजलेल्या वस्तीतली शाळा भरताना पाहिली आहे, त्यांना या आकड्यांवर वेगळे बोलायची गरज नाही. त्यात मतदारयाद्या, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे. सुरत महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. देशात फार थोड्या शहरांना हे जमले आहे आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण घराजवळ हवे ते माध्यम असेलच असे नाही. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, वर्गात गुजराती अशा मुलाला प्रश्नच कळला नाही, तर ते गप्प बसते किंवा शेजाऱ्याला विचारते. पहिले केले तर मठ्ठ, दुसरे केले तर बडबड्या. दोन्हींना शिक्षा आहे.

विशेष गरजा असलेल्या मुलांचे तर विचारूच नये. अक्षरे उलटसुलट दिसणाऱ्या मुलाला किंवा एका जागी पाच मिनिटेही बसू न शकणाऱ्या मुलीला शिस्तीचा बडगा सर्वांत आधी बसतो. अशा मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि माध्यमिकला पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात सांगितले. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले, की पदे मंजूर करून जाहिरात काढा.

शिस्तीच्या नावाने बाहेर काढली जाणारी मुले कोण असतात, हे परदेशांत मोजले गेले आहे. इंग्लंडमध्ये २०१९ च्या टिम्पसन अहवालात दिसले की कायमचे काढून टाकल्याच्या शंभर घटनांपैकी ७८ मधली मुले विशेष गरजांची, गरीब किंवा सरकारी देखभालीची गरज असलेली होती. अमेरिकेत टेक्सासमधल्या जवळजवळ दहा लाख विद्यार्थ्यांचा माग काढणाऱ्या २०११ च्या अभ्यासात कळले, की सातवी ते बारावीत जवळपास ६० टक्के मुलांना कधी ना कधी निलंबित केले होते किंवा काढले होते, आणि अशी मुले नापास होण्याचे, शाळा सोडण्याचे आणि पोलिसांच्या नोंदीत येण्याचे प्रमाण जास्त होते. तिथे निदान निलंबनाची नोंद होते, म्हणून अभ्यास होऊ शकला. आपल्याकडे ‘पप्पांना घेऊन ये’ची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये नाही. मूल गेले की कारणाच्या रकान्यात ‘स्थलांतर’ किंवा ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे येते. शाळेचे कागद स्वच्छ.

स्थलांतर हा शब्द कोसाडच्या परिसरात पोकळ नाही, हेही खरे. कोसाडहून पुढे गोठणगाम आणि मग सायण. सायणच्या साखर कारखान्यासाठी, तसेच बारडोली, मढी, चलथाणसाठी दर दिवाळीच्या सुमारास नंदुरबार, धुळे, नाशिक आणि डांगमधून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुले बरोबर, कारण गावाकडे सांभाळायला कोणी नाही. उन्हाळ्यात परत जाईपर्यंत शाळेचे निम्मे वर्ष गेलेले असते. महाराष्ट्रात अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, गुजरातमध्ये टोळ्यांच्या पडावाजवळ, म्हणजे मुक्कामाजवळ, तंबूतले विशेष वर्ग भरवण्याची योजना आहे. कायद्याच्या कलम ४ नुसार मुलाला वयाप्रमाणे वर्ग द्यायचा, कलम ५ नुसार दाखला नाही म्हणून प्रवेश अडवायचा नाही, कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. आधार कार्ड शाळाप्रवेशासाठी सक्तीचे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ ला सांगून झाले. तरीही खिडकीवरचा पहिला प्रश्न असतो, ‘आधार आणलंय का? एलसी कुठंय?’ आणि इतके सगळे पार करून वर्गात पोहोचलेले मूल, सहा महिने मागे पडलेले असल्यामुळे, शिक्षेच्या रांगेत पहिले उभे असते.

मग मुलांना मोकाट सोडायचे का, असा सवाल इथे हमखास येतो. त्याचे उत्तर शोधायला स्वीडनपर्यंत जायला नको, जरी त्या देशाने १९७९ मध्येच घरातल्या मारालाही बंदी घातली. सुरतेहून निघणाऱ्या दोन रेल्वेमार्गांवर ते सापडते.

उधन्याहून तापी मार्गाने जळगावकडे जाणारी गाडी अमळनेरला थांबते. सुरतेतल्या कितीतरी मराठी कुटुंबांचे गाव याच मार्गावर. तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ पासून शिक्षक होते आणि वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असत. गुरुजींनी दंड केला नाही, वळकट्या स्वतः आवरल्या, कपडे स्वतः धुतले, आजारी मुलाच्या उशाशी बसले. रोज पहाटे उठून मुलांसाठी हाताने लिहिलेले ‘छात्रालय दैनिक’ काढले. काही दिवसांत मुले शरमली आणि स्वतः झाडलोट करू लागली. हे सगळे १९३० मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडेपर्यंत चालले. प्रत्येक शिक्षकाने साने गुरुजी व्हावे, अशी अपेक्षा अर्थातच अन्यायाची आहे. संतपणावर व्यवस्था चालत नाही.

दुसरी वाट अधिक उपयोगाची. कोसाडवरून मुंबईकडे जाणाऱ्या मार्गावर घोलवडला उतरले की जवळच बोर्डी. ताराबाई मोडक या मराठी बाई राजकोटमधली प्राचार्यपदाची नोकरी सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. वकिली सोडून १९२० मध्ये बालमंदिर काढणाऱ्या गिजुभाईंनी मार आणि लालूच या दोन्हींना वर्गाबाहेर ठेवले होते. गुजरातने गिजुभाईंना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हटले. तिथला अनुभव गाठीशी घेऊन ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढले, सोबत अनुताई वाघ. हरिजनवाड्यातली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही की पालकांना बोलावणे धाडले नाही. बालवाडीच उचलून वाड्याच्या अंगणात नेली. त्यातून ‘अंगणवाडी’ आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुले गुरे राखायला जात म्हणून शाळेत येईनात, तेव्हा शाळा कुरणावर गेली: कुरणशाळा. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाला, अंगणवाडी देशभर पसरली. तिच्यामागचा प्रश्न मात्र मागे राहिला. मूल आले नाही तर शाळेचे काय चुकले, असा तो प्रश्न होता. आज आपण त्याच्या नेमका उलटा प्रश्न विचारतो.

कोसाडसारख्या वस्तीतल्या शाळांना कुरणावर जायची गरज नाही, इमारती जवळच आहेत. गरज आहे ती नोंदीची. सलग सात दिवस न आलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी कोणी गेले का, त्याआधीच्या आठवड्यात त्याला वर्गात काय बोलले गेले, काय केले गेले, हे मुख्याध्यापकांनी लिहून ठेवावे आणि दर महिन्याला शाळा व्यवस्थापन समितीपुढे वाचावे. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. ती कागदावर जिवंत असते आणि सही घेण्यापुरती भरते, म्हणून तिची बैठक रात्री पाळी सुटल्यावर किंवा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी घ्यावी. पालकांना दुपारी बाराला बोलावून ‘पालक येत नाहीत’ म्हणणे सोपे आहे. ज्या वर्गात मुले जास्त आणि भाषा तीन, तिथे दुसरा शिक्षक द्यावा; तो परवडत नाही असे पूल आणि सुशोभीकरण यांवर खर्च करणाऱ्या श्रीमंत महापालिकेने म्हणू नये. खासगी शाळांच्या बाबतीत कलम १७ मध्ये दंडाची तरतूद संसदेने घालावी, निदान प्रवेश चाचणीइतकी तरी. आणि आठवीनंतर संरक्षण संपते, ही फट बुजवावी. नववीतल्या मुलाला ‘दाखला घेऊन जा’ म्हणणे आजही कलम १६ च्या कक्षेबाहेर आहे, आणि नेमक्या त्याच वयात सुरतेची मशीने हातांची वाट पाहत असतात.

तोवर पालकांनी एवढे लक्षात ठेवावे. मुलाला मारले, हिणवले, फीसाठी बाहेर उभे केले किंवा तोंडी काढून टाकले, तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. सुरतेत त्यासाठी नगर प्राथमिक शिक्षण समितीचे कार्यालय गाठावे. अर्जात तारीख, वर्ग आणि काय घडले ते लिहावे आणि पोच घ्यावी. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय देणे प्राधिकरणावर बंधनकारक आहे आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. मूल धोक्यात असेल तर १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि तो फिरवायला पाळी सोडून यावे लागत नाही.